हळदीच्या कसोटीला

पाहुण्यांनी साबण पळवला नसता, तर चांगुणाचं नाव बदलापुरात कुणाला कळलंही नसतं.

त्याचं असं झालं. बदलापूर पूर्वेला बाळाजीशेटनी नवंकोरं मंगल कार्यालय बांधलं. पाठीमागच्या ओसरीत संगमरवरी बेसिनांची रांग, वर आरसे आणि प्रत्येक बेसिनवर एकेक गुलाबी साबणाची वडी. पहिलंच कार्य मुंजीचं, सगळी मंडळी सभ्य, चारचौघांत उठबस असणारी. जेवणं उरकली, मंडळी पांगली आणि शेट बघतात तर एकाही बेसिनवर वडी नाही! पुढच्या कार्याला पुन्हा ठेवल्या, पुन्हा गेल्या. तिसऱ्या वेळी शेटनी वड्या अर्ध्या कापून ठेवल्या, तर लोकांनी दोन-दोन अर्धुकं नेली. वरमाईच्या पिशवीतून गुलाबी तुकडा डोकावताना शेटनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, पण वरमाईला हटकायची छाती कुणाची?

वैतागून शेट उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गेले. तिथे तोलाराम नावाच्या सिंधी व्यापाऱ्याचं साबणाच्या कच्च्या मालाचं दुकान होतं. "सगळ्यात स्वस्त वडी कुठे मिळेल ते सांगा, चोरीलाच जाणार आहे तर स्वस्त तरी जाऊ दे," असं शेट म्हणत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"शेट, वडी ठेवताच कशाला? पातळ साबण ठेवा. खिशात घालून कसा नेतील?"

शेटनी वळून पाहिलं. तिशीची, सावळी, हातात प्लास्टिकची बादली धरलेली बाई. हीच चांगुणा.

"आणि बाटलीच उचलून नेली तर?"

"बाटलीला साखळी बांधा. बँकेत पेनाला बांधतात तशी."

तोलाराम गल्ल्यावर खो-खो हसला. "साईं, अदी बरोबर बोलती है! पातळ साबण अपनी अदीच बनवते, एकदम फस्क्लास." अदी म्हणजे बहीण. चांगुणा त्याच्याकडे माल घ्यायला येऊ लागल्यापासून तो तिला अदीच म्हणायचा.

चांगुणाची मोठी खोड होती ती ही, की तिला धीर म्हणून नव्हता. कॅम्प चारमधल्याच एका कारखान्यात शाम्पूच्या बाटल्या भरता भरता तिनं बघून बघून सगळी विद्या उचलली, आणि एक दिवस मुकादम काहीतरी लागट बोलला म्हणून स्टूल मागे सारून जी उठली ती परत गेलीच नाही. नवरा बबन अंबरनाथला एका कंपनीत हेल्पर. त्यानं कपाळाला हात लावला, पण दुसऱ्याच दिवशी घरामागच्या मोरीवर पत्र्याचं छप्परही घालून दिलं. तेव्हापासून चांगुणाचा साबण गॅरेजवाल्यांकडे आणि चहाच्या हॉटेलांत किरकोळ खपत होता. त्यावर धंदा उभा राहत नव्हता. उभा राहिला नाही तर पुन्हा त्याच स्टुलावर, त्याच मुकादमासमोर जाऊन बसायचं, हे तिला रोज उठून दिसत होतं.

शेटनी सौदा केला तो असा. "येत्या लग्नाला तुझा साबण ठेवतो. तक्रारीशिवाय लग्न पार पडलं तर बारा महिने तुझाच माल. अंबरनाथला माझ्या भावाचं हॉटेल आहे, तिथेही लावून देतो. पण एक जरी तक्रार आली ना बाई, तर तू आणि तुझे डबे!"

चांगुणा त्या दिवशी दुकानातून घरी चालत गेली की उडत गेली, ते तिचं तिलाच ठाऊक.

पातळ साबण म्हणजे त्यात काय मोठंसं, वडी किसून पाण्यात विरघळवली की झालं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. चांगुणाही आधी त्यांच्यातलीच. तिनं तसं करून पाहिलं होतं. रात्री पातळ दिसणारा साबण सकाळी बादलीत असा काही लोंबायला लागला की बबननं त्याला जे नाव ठेवलं ते इथे लिहिण्याजोगं नाही.

मग ती खऱ्या मालाकडे वळली. ॲसिड स्लरी म्हणून एक प्रकार असतो, काकवीसारखा दाट आणि काळपट. फेस येतो तो त्याचा. पण नुसता हातावर घेतला तर कातडी भाजून काढील. दुसरा कॉस्टिक सोडा, पांढऱ्या पापड्यांचा. त्याचं पाणीही तितकंच जहाल. गंमत अशी, की ही दोन भांडकुदळ माणसं योग्य मापात एका घरात नांदायला लागली की दोघांचीही नांगी मोडते आणि साबण तयार होतो. माप चुकलं की मात्र ज्याचा जोर जास्त, तो हाताला चावतो.

बाकीच्या जिनसांनीही तिला कमी रडवलं नव्हतं. बोअरिंगच्या पाण्यात साबण ढगाळायचा, म्हणून ती पहाटे नळाचं पाणी भरून ठेवू लागली. लिंबाचा सेंट जरा सढळ हातानं घातला की घट्ट साबण पातळ व्हायचा. आणि मीठ! साबण घट्ट होतो तो चक्क मिठानं, हे कळल्यावर तिला केवढं नवल वाटलं होतं. मूठभर घातलं तर मधासारखा झाला. तिला वाटलं, अजून मूठभर घातलं तर तुपासारखा होईल. घातलं, आणि बघता बघता सगळ्या साबणाचं पाणी झालं. स्वयंपाकातलं मीठ आणि साबणातलं मीठ, दोन्हीकडे हात राखूनच लागतो हे तिला त्या दिवशी पटलं. असं करत करत मापं बसली. सुरुवातीला ती तोलारामकडून रंग बदलणारे कागद आणायची आणि साबणात बुडवून बघायची, आंबट झालाय की खारा. मापं तोंडपाठ झाल्यावर कागद कोण बुडवतो?

बदलापूरच्या लग्नासाठी मोठा घाणा काढायचा म्हटल्यावर तोलारामही हुरळला. "अदी, नेहमी तुला खुल्या गोणीतला कॉस्टिक देतो. आज तुझ्यासाठी नवी गोणी फोडतो. एकदम ताजा माल!"

तिला कोण आनंद झाला. नेहमीचंच माप, नेहमीचीच रीत. घाणा नेहमीपेक्षा जरा जास्त तापला, ते तिच्या ध्यानात आलं. पण मोठा घाणा आहे, तापणारच. साबण दिसायला असा देखणा झाला, फिकट हिरवा, दाट, की तिनं शेजारणींना बोलावून दाखवला. बबननं कंपनीतून ग्रीसचे हात तसेच आणले आणि तिच्यासमोर धुतले. ग्रीस चुटकीसरशी निघालं.

"हात जरा खरखरीत वाटतात गं," बबन म्हणाला.

"तुमचे हात कधी मऊ होते?" चांगुणा म्हणाली आणि बाटल्या भरायला बसली.

मे महिन्यातला मुहूर्त होता. बारवी धरणाकडच्या एका गावातल्या शेतकऱ्याची मुलगी, अंजनी, हिचं लग्न. सकाळी हळद, दुपारी जेवणं, संध्याकाळी गोरज मुहूर्त. चांगुणा आणि बबन टेम्पोत डबे घालून अंबरनाथवरून उजाडताच कार्यालयात पोचले. शेटनी खरोखरच साखळ्या आणून ठेवल्या होत्या. चांगुणानं प्रत्येक बेसिनवर बाटली ठेवली, साखळी बांधली, डोकं दाबून बघितलं. पिचिक करून साबण आला की तिला दर वेळी हसू फुटे. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती. आज तिचाही मुहूर्तच होता.

हळदीला ऊत आला. वाजंत्री, गाणी, नवरीच्या गालाला, हाताला, पायाला हळद, आणि नवरीपेक्षा जास्त एकमेकींना. बायका कोपरापर्यंत पिवळ्या झाल्या. चांगुणा खांबाला टेकून बघत होती. तिला एक बाई वेगळी दिसली. भटारखान्याच्या दारात, मांडवाकडे अर्धवट पाठ करून, लिंबं चिरत बसलेली. ती नवरीची आत्या, कौसाबाई. ऐन वयात नवरा गेला आणि ती भावाच्या घरी आली. अंजनीला न्हाऊमाखू घातलं ते तिनं, आजची हळद कांडली तीही तिनंच, असं वाढपी बायका आपसात बोलत होत्या. पण हळद लावायला सवाष्णी बसल्या तशी ती आपणहून उठून इकडे आली होती. कुणी जा म्हटलं नव्हतं, कुणी थांब असंही म्हटलं नव्हतं.

चांगुणाला ते बोचलं. तिच्या स्वतःच्या लग्नात पहिली हळद तिच्या आईनं लावली होती, आणि आई तेव्हा विधवाच होती. त्यांच्या वस्तीत, बाबासाहेबांच्या फोटोसमोर, असलं कुणी विचारतही नसे. पण हा मांडव परक्यांचा, आणि आपण आलोय साबण विकायला.

हळद आटोपली आणि बायकांचा लोंढा बेसिनांकडे आला. पुढे नवरीची आई, वेणूबाई.

"अगो बाय, हे काय? डोकं दाबायचं? आन् साखली कशाला, बकरी हाय का?"

हशा पिकला. पिचिक, पिचिक, सगळीकडून आवाज. लिंबाचा वास सुटला. ज्यांचे हात भरलेही नव्हते त्यांनीही गंमत म्हणून साबण घेतला. चांगुणाला आभाळ ठेंगणं झालं. बबनला कोपरानं ढोसून ती म्हणाली, "बघा, बघा तरी!"

आणि तेवढ्यात वेणूबाई किंचाळली.

"रगत!"

तिच्या हातावरचा फेस लाल झाला होता. तळहात लाल, मनगटं लाल. शेजारचीचे लाल, पलीकडचीचे लाल. पांढऱ्याशुभ्र संगमरवरी बेसिनांतून लालभडक पाण्याचे ओघळ वाहत होते. एक बाई हात झटकत धावली, तिच्यामागे चार धावल्या. "कातडी सोलली!" "आसिड हाय त्याच्यात, आसिड!" "शुभकार्यात रगत, ह्या काय नशिबात वाढून ठेवलंय माझ्या अंजनीच्या!" वाजंत्री थांबली. बाळाजीशेट धोतराचा सोगा हातात धरून धावत आले.

"काय घातलंस गं यात? काय घातलंस?"

"उल्हासनगरचा माल! आनखी काय व्हनार!" गर्दीतून कुणीतरी फोडणी घातली.

एक क्षणभर चांगुणाला समोरचे आरसेही दिसेनात, दिसलं फक्त ते स्टूल आणि मुकादमाचं हसणं. मग तिची नजर बेसिनवर गेली. हे रक्त नव्हे. हा रंग तिच्या रोजच्या पाहण्यातला होता. बबनच्या सदऱ्यावर वरण सांडलं आणि डागाला साबण लावला की असाच लाल होतो! तिनं साबण बोटांत चोळून पाहिला. बुळबुळीत, नुसता बुळबुळीत, धुतला तरी सुटेना. कॉस्टिक जास्त झालाय. पण माप तर तेच होतं...

गोणी! नवी गोणी! खुल्या गोणीतला कॉस्टिक हवेतलं पाणी पिऊन पिऊन मवाळ झालेला, त्याच्यावर तिची मापं बसलेली. ताज्या गोणीतला मात्र पुरा तेजीत. माल चांगला मिळाला म्हणून साबण बिघडला होता! चांगुणाला एकाच वेळी रडू आणि हसू आलं. चूक सापडली होती, आणि सापडलेली चूक तिला कधीच भीती घालत नसे.

ती भटारखान्याच्या दाराशी धावली, कौसाबाईच्या परातीतून चिरलेली लिंबं ओंजळभर उचलली आणि उलट्या पावली आली. वेणूबाईचा हात धरला. वेणूबाई ओढून घेत होती, पण चांगुणानं सोडला नाही. लिंबू पिळलं.

जिथे रस पडला तिथे लाल रंग विरला आणि हळद पुन्हा पिवळी झाली.

"आँ!" अख्ख्या ओसरीतून एकच आवाज.

"रक्त नाही, काही नाही," चांगुणा ओरडून सांगू लागली. "कुंकू कशाचं होतं, बायांनो? हळदीचंच ना? तसंच झालंय हे. साबणात खार जास्त झालाय, माझी चूक. लिंबानं जातंय बघा."

"माज्यावर पिल!" "आधी माज्या!" बायकांनी तिला घेरलं. आत्ताच्या आत्ता मरतो म्हणणाऱ्या आता हात पुढे करून उभ्या राहिल्या. लाल हाताचा पिवळा होताना बघायला एकीला दोनदा पिळून हवं होतं. आचारी झारा घेऊन बाहेर आला. "माझी लिंबं! पंगतीला काय वाढू, तुमचं डोस्कं?"

सगळे हसत होते. बाळाजीशेट मात्र हसले नाहीत.

"ते सगळं ठीक. पण आता जेवणं होतील. हजारभर माणूस वरणभात ओरपून हात धुवायला येईल, त्या प्रत्येकाच्या हातावर लिंबू पिळत उभी राहणारेस काय? एक तक्रार म्हटलं होतं मी, इथे तर आख्खा मांडव बोंबलला. ओत तो साबण गटारात. मी वड्या मागवतो."

"शेट, पंगत बसायच्या आत दुरुस्त करते."

"आणि नाही झाला तर?"

"तर मीच ओतीन. तुमचा माणूस लावायला नको."

शेटनी घड्याळाकडे पाहिलं, मग आचाऱ्याच्या धुमसत्या चुलींकडे. "भात शिजेपर्यंत," ते म्हणाले.

बबन तोपर्यंत रस्त्यापलीकडच्या वाण्याकडे पळालासुद्धा होता. त्याला सांगावं लागलं नाही. तो लिंबाचं सत घेऊन आला, साखरेसारखे पांढरे खडे. खरं म्हणजे थोडी स्लरी घालूनही भागलं असतं, पण स्लरी राहिली कॅम्प चारमध्ये. चांगुणानं खडे तांब्याभर पाण्यात विरघळवले. मागच्या अंगणात नळाशी डबे उघडले, बाटल्या परत डब्यांत रिकाम्या केल्या. कागद नव्हते तर नव्हते. एक स्टीलचं ताट घेतलं, त्यात हळदीच्या चिमट्या ओळीनं मांडल्या. आज शंभर कागदांची ताकद त्या एका ताटात होती.

बबन काठीनं ढवळायला लागला. ती सताचं पाणी घालायची, ढवळून झालं की साबणाचा थेंब हळदीवर सोडायची. पहिला थेंब, लालभडक. बायका अंगणात गोळा झाल्या.

"लाल!"

अजून पाणी. अजून थेंब.

"लालच हाय गो!"

पोरं भिंतीवर चढली. वाजंत्रीवाले वाद्यं गळ्यात तशीच ठेवून आले. नवरी मांडवात एकटीच राहिली, तर तीही हळदीनं माखलेली, ओल्या साडीनिशी दारात येऊन उभी राहिली. आता हा नुसता खेळच झाला होता. थेंब पडला की सगळ्यांच्या माना ताटावर वाकायच्या.

"इटकरी!"

"इटकरी कुटं, नारिंगी हाय!"

"घाल अजून, घाल सगळा!" कुणीतरी ओरडलं.

चांगुणाचा हात तांब्यावर शिवशिवला. सगळा तांब्या उपडा करावा आणि एकदाचं पिवळं पाहावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं. पण हाच तो हात, ज्यानं एकदा मीठ जास्त घालून अख्खा घाणा बुडवला होता. तिनं दातांखाली ओठ दाबला आणि चार बोटं बुडवून नुसतं शिंपडलं. बबननं ढवळलं. तिनं थेंब सोडला.

ताट पिवळंच राहिलं.

अंगणात असा गिल्ला झाला की आचारी पुन्हा झारा घेऊन आला. साबण आधीपेक्षा थोडा पातळ झाला होता, पण फेस तसाच होता, आणि बोटांत घेतला की चिकटून राहत नव्हता. चांगुणानं भराभर बाटल्या भरल्या.

शेट मात्र व्यापारी माणूस. "ताटातलं मला नको सांगूस. हातावर दाखव. त्याच हळदीनं, त्याच बेसिनवर, सगळ्यांदेखत. मग ठरवतो."

चांगुणानं स्वतःचे हात पुढे केले.

"तुझे नकोत. गरज पडली तर तू निखाराही धरशील."

ती बायकांकडे वळली. आत्तापर्यंत ताटावर वाकणाऱ्या बायका दोन पावलं मागे सरकल्या. खेळ वेगळा आणि स्वतःचे हात वेगळे. वेणूबाईनं तर सरळ सांगितलं, "आता कुन्या सवाष्णीच्या हाताला त्यो साबन लागू द्यायची न्हाय मी. झाला तेवडा अपशकून पुरं झाला. पुना हात लाल झालं मंजे?"

कुणीच पुढे येईना. भाताचा वास यायला लागला होता. शेटनी खिशातून पैसे काढून गड्याच्या हातात दिले, वड्या आणायला. साबण बरोबर होता, चांगुणाला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी तो गटारात जाणार होता.

"माजं हात घे," मागून आवाज आला.

कौसाबाई उभी होती. पदरानं हात पुसत.

"मी काय सवाष्ण न्हाय. माज्या हाताला कसला अपशकून व्हायचा?"

ती हे कुरकुरून बोलली नाही, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तशी बोलली. वेणूबाईनं मान खाली घातली.

"पण हाताला हळद कुठाय?" शेट म्हणाले. "हळदीचे हात हवेत."

"मंग आत्या, आधी मला लाव," अंजनी दारातून म्हणाली.

"अंजने! काय बोलतेस!" वेणूबाई ओरडली.

"शेटच बोलले ना, त्याच हळदीनं. सगल्यांचं हात मला लावूनच भरलं. हिचं कसं भरतील?" तिनं मांडवातून हळदीची वाटी आणली आणि आत्यासमोर धरली. पोरीला साबणाचं काडीइतकं सोयरसुतक नव्हतं, हे चांगुणाला कळलं, आणि तिला त्या पोरीचा विलक्षण अभिमान वाटला.

"लावा, लावा, काय ते लवकर लावा," शेट म्हणाले. "भात उतरला."

कौसाबाईनं हात पुढे केला नाही. ती भावजयीकडे बघत राहिली. वेणूबाईनं एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा त्या वाटीकडे. मग तिनं स्वतः कौसाबाईचा हात धरून वाटीत घातला.

"लावा वन्सं," ती म्हणाली. तिचा आवाज ओला होता. "मीच सकालीच म्हनायला होवं होतं."

कौसाबाईनं हळद लावली. आधी पायांना, मग हातांना, मग दोन्ही गालांना. साबणाच्या परीक्षेला लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त लावली, कानांच्या मागेही लावली, लहान पोराला न्हाऊ घालताना लावतात तशी. शेटनी घड्याळ बघायला हात वर केला होता तो तसाच खाली नेला. वाजंत्रीवाल्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी वाजवायला सुरुवात केली. चांगुणा साबण विसरली. बबन शेजारी डोळे पुसत होता आणि घाम आलाय असं दाखवत होता.

मग कौसाबाई बेसिनशी आली. हात मनगटापर्यंत पिवळेजर्द. चांगुणाला सगळं एकदम आठवलं. तिनं बाटलीचं डोकं दाबलं. पिचिक. कौसाबाईनं हात चोळले. सगळी ओसरी बेसिनवर वाकली.

फेस पांढरा आला. मग पिवळा झाला. कौसाबाई चोळत राहिली, उलट, सुलट, बोटांच्या बेचक्यांत. पिवळाच. नळाखाली धरले, पिवळं पाणी वाहिलं आणि संगमरवर पुन्हा पांढरा झाला.

"पिवला! पिवला!" बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. वेणूबाई सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती. चांगुणानं सगळ्यांदेखत बबनचे दोन्ही हात धरून त्याला गरकन फिरवलं, आणि असला प्रकार त्याच्याबाबतीत लग्नातही झाला नव्हता. गडी वड्यांचे पैसे शेटना परत देऊन मोकळा झाला.

शेट पुढे आले. चेहरा खुलला होता, पण माल नीट पारखल्याशिवाय सोडतील तर ते शेट कसले. त्यांनी कौसाबाईचे तळहात बघितले. रेषारेषांत, नखांच्या कडांना हळद तशीच होती.

"आत्याबाई, अजून एकदा धुवा की. डाग राहिलाय. पुरतं निघतं का ते मला बघू दे, वर्षभराचा माल घ्यायचाय."

कौसाबाईनं हात मागे घेतले. पदराखाली नाही, नुसतेच पोटाशी धरले. चांगुणाला तिचा चेहरा दिसला.

चांगुणानं बाटली उचलली आणि साखळी पुरेल तितकी लांब नेऊन ठेवली.

"नाही निघायची, शेट," ती म्हणाली. "माझ्या साबणानं हळद निघत नाही."

आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर कळलं. बबननं डोळे मिटून घेतले. शेटनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग कौसाबाईच्या पोटाशी धरलेल्या हातांकडे.

"बरं आहे," ते शेवटी म्हणाले. "मंगल कार्यालयात असाच ठेवायला हवा. शुक्रवारी लग्न आहे, डबे सकाळीच आण."

मग पंगत बसली. अंजनीनं आत्याला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं, आणि पहिला घास कौसाबाईनं त्याच पिवळ्या हातानं खाल्ला.